लाखाचा टर्नटेबल घ्यायचाय, पण न ऐकता कसा घ्यायचा? कारंज्याहून निघण्याआधी हे समजून घ्या

कारंजा लाडमध्ये सोयाबीनचा आणि तुरीचा भाव काढायला बाजार समितीत एक चक्कर पुरते. सोनं घ्यायचं तर चार दुकानं फिरता येतात. पण लाख-दीड लाखाचा टर्नटेबल घ्यायचा आणि घेण्याआधी तो ऐकायचा म्हटलं, तर अडचण सुरू होते. अशी यंत्रं लावून ऐकवणारी दुकानं आहेत ती मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळूरु, दिल्ली, चेन्नईसारख्या शहरांत.

मग होतं काय? माणूस मोबाइलवर दहा व्हिडिओ बघतो, कुणीतरी परदेशी पाहुणा ‘ही मशीन जबरदस्त’ म्हणतो आणि ऑर्डर जाते. गंमत अशी की त्या व्हिडिओतला आवाज कॉम्प्रेस होऊन, मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून आलेला असतो. त्यातून कळतो तो मोबाइलचा आवाज.

समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज कारंज्याला आहे आणि जून २०२५ मध्ये हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आलीय. म्हणजे जाऊन ऐकणं शक्य आहे. पण सहा-सात तास गाडी चालवून दुकानात पोहोचल्यावर नेमकं काय ऐकायचं, हे ठरलेलं नसेल तर ती फेरी चहा पिऊन परत येण्यासारखीच.

पैसे नक्की कशाचे जातात?

टर्नटेबलला स्वतःचा आवाज नसतो, किंबहुना तो नसावा यासाठीच पैसे मोजायचे असतात. त्याची कामं तीन. रेकॉर्ड बरोबर गतीने फिरवायची, मोटरची थरथर सुईपर्यंत पोहोचू द्यायची नाही आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा तो दांडा, घट्ट धरून ठेवायचा.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण रेकॉर्डच्या खाचेतली नागमोड मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजतात. सुईला तेवढी हालचाल वाचायची असते. दांड्याच्या बेअरिंगमध्ये किंचित ढिलाई असेल किंवा थाळी किंचित डुगडुगत असेल, तर सुई तेही इमानदारीने वाचते आणि गाण्यात मिसळते.

प्रत्यक्ष हालचालीची वीज बनवणारा भाग म्हणजे कार्ट्रिज, ज्याच्या टोकाला सुई असते. जुन्या लोकांच्या भाषेत ‘पिन’. आवाजाचा पोत सगळ्यात जास्त तिथे ठरतो आणि पहिली फसगतही तिथेच होते. दुकानात दोन टर्नटेबल शेजारी ठेवलेत, एकावर दहा हजाराची कार्ट्रिज आहे, दुसऱ्यावर ऐंशी हजाराची. ग्राहक दुसरा ऐकून खूश होतो आणि श्रेय टर्नटेबलला देतो. तुलना करायची तर दोन्हीकडे एकच कार्ट्रिज, एकच फोनो स्टेज, एकच अॅम्प्लिफायर आणि तेच स्पीकर हवेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुकानदाराला कार्ट्रिज काढून लावायला वेळ लागतो, त्यामुळे हे फोनवर आधीच ठरवून जावं. ‘होत नाही’ असं उत्तर आलं तर निदान सात तासांचा प्रवास वाचला.

रेकॉर्ड आपल्याच न्यायच्या

दुकानात ऐकवायला ठेवलेल्या रेकॉर्ड बहुधा नव्या, जाड आणि काळजीने रेकॉर्ड केलेल्या असतात. त्या कुठल्याही बऱ्या यंत्रावर छान वाजतात. कारंज्याच्या एखाद्या जुन्या घरातली पेटी उघडली तर निघतील नाट्यसंगीताच्या, भजनांच्या, जुन्या सिनेमांच्या तबकड्या. पुढची वीस वर्षं वाजणार आहेत त्या ह्या. त्यामुळे परीक्षाही त्यांच्यावरच घ्यायला हवी.

त्यात एक मोठी गोम आहे. भारतात अगदी १९६० च्या दशकातही ७८ गतीच्या लाखेच्या रेकॉर्ड निघत होत्या. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचं किती तरी गाणं त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. आणि आजचे कित्येक महागडे बेल्टवाले टर्नटेबल फक्त ३३ आणि ४५ वर फिरतात! टेक्निक्सच्या एसएल-१२००जीआरसारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रात ७८ मिळतो, बाकी ठिकाणी विचारूनच घ्यावं लागतं.

नुसती गती असूनही भागत नाही. एलपीसाठीच्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, ७८ च्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि वर्षानुवर्षं साचलेला कचराच वाजवते. ‘आजोबांच्या रेकॉर्ड खराब झाल्यात’ असं म्हणत घरोघरी ज्या तबकड्या माळ्यावर गेल्या, त्यातल्या काही खरं तर चुकीच्या सुईच्या बळी आहेत. म्हणून ७८ ऐकायच्या असतील तर टोनआर्मचा पुढचा भाग, हेडशेल, पटकन काढून दुसरा लावता येतो का, हे बघायला हवं. महागड्या दांड्यांपैकी बरेच एकसंध असतात, त्यात हेडशेल सुटं होत नाही. कानाला ते उत्तम वाटतील, घरच्या पेटीला मात्र निरुपयोगी ठरतील.

तंबोरा हलतोय का?

गती तपासायला यंत्र लागत नाही, तंबोरा पुरतो. ड्रम आणि गिटारच्या गाण्यात गतीतली थरथर लपून जाते. तंबोरा, पेटी, शहनाई, सारंगी यांचा लांब धरलेला सूर ती लपवू देत नाही. आलापाच्या सुरुवातीचा, गायकाने अजून तोंड उघडलं नाही असा अर्धा मिनिट निवडावा आणि डोळे मिटून षड्जाकडे लक्ष द्यावं.

गती एक टक्क्याने चुकली तर सूर सुमारे १७ सेंटने सरकतो. शेजारच्या दोन स्वरांमध्ये, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये, १०० सेंटचं अंतर असतं. आपल्याकडे ज्या सगळ्यात लहान श्रुतीची चर्चा होते ती साधारण २२ सेंटची. म्हणजे एक टक्का ही बारीकसारीक गोष्ट नाही. सोबत तंबोऱ्याचं किंवा ट्यूनरचं अॅप असेल तर ठरलेल्या पट्टीपासून सूर किती सरकलाय तेही दिसतं, फक्त ती पट्टी मुळात कोणती होती हे माहीत हवं. त्यापेक्षा ३१५० हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड दुकानदाराकडे मागावी.

पण इथे घाई करून चालत नाही. सूर हलत असेल तर तो किती वेळाने हलतोय ते मोजायचं. ३३⅓ गतीने रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदात होतो. सूर बरोबर त्याच तालात, १.८ सेकंदांनी वर-खाली होत असेल तर दोषी बहुधा रेकॉर्ड असते, कारण तिचं भोक मधोमध पाडलेलं नसतं. भोक एक मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी सूर दोन्ही बाजूंना जवळपास एकेक टक्का झुलतो. दुसरी रेकॉर्ड लावली की खरं-खोटं कळतं. दुसरीवरही तीच लय आली तर मग थाळीकडे बोट दाखवावं. यापेक्षा जलद, थरथरल्यासारखा सूर येत असेल तर संशय मोटर, बेल्ट किंवा बेअरिंगवर.

गती न सांगता रेकॉर्ड देणं म्हणजे अर्धीच वस्तू देणं, हे नासालाही पटलं होतं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी गेली, तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवलीय, आणि वेष्टनावर सुई कुठे ठेवायची आणि एक फेरा ३.६ सेकंदांचा ठेवायचा हे चित्रातून कोरलंय. परग्रहावरच्या ग्राहकाला जी माहिती मिळाली, ती इथल्या ऑनलाइन जाहिरातीत कधी कधी शोधावी लागते.

टोनआर्मची परीक्षा शेवटच्या पाच मिनिटांत

दुकानात सहसा पहिलं गाणं वाजवतात. टोनआर्मसाठी ते सगळ्यात सोपं गाणं असतं.

कारण भूमितीत आहे. एलपीची थाळी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या खाचेचा घेर मोठा आणि आतल्या खाचेचा लहान. त्यामुळे बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर धावते, तर लेबलजवळ सेकंदाला वीस-एकवीस सेंटिमीटर. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवलेलं असतं. शिवाय रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत आत जातं, टोनआर्म मात्र एका खुंटीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे नेहमीच्या नऊ इंची दांड्याचा कोन एलपीच्या फक्त दोन ठिकाणी अचूक जुळतो, बाकी सगळीकडे थोडा चुकतो. बारा इंची दांड्यात ही चूक कमी होते, पण दांडा जड होतो.

आता ख्यालाची एलपी आठवावी. सुरुवातीला विलंबित, शेवटी द्रुत आणि ताना. म्हणजे गाण्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग बरोबर तिथे येतो जिथे सुईची सगळ्यात जास्त दमछाक होते. पाश्चात्त्य पॉपच्या अल्बममध्ये शेवटी एखादं हळू गाणं टाकून वेळ मारून नेता येते. आपल्याकडे ती सोय नाही. द्रुतातली आकाराची तान, तिच्यामागे तबला, आणि स्वर एकेक सुटा ऐकू येतोय की सगळं फिसकटून ‘स्स’ होतंय, एवढंच ऐकायचं. तिथे टिकला तो दांडा कामाचा.

फिसकटलं तर लगेच दांड्याला नापास करू नये. आधी कार्ट्रिज नीट बसवलीय का, सुईवरचं वजन कंपनीने सांगितलं तेवढं, बहुतेकदा दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान आहे का, हे दुकानदाराला समोर मोजून दाखवायला सांगावं. दीड लाखाचं यंत्र पाच मिनिटांच्या हलगर्जीपणाने वीस हजाराच्या यंत्रासारखं वाजू शकतं. आणि ज्या दुकानात प्रोट्रॅक्टर आणि वजनकाटा शोधावा लागतो, तिथे घरी बसवून देण्याची सेवा कशी असेल याचा अंदाजही येतो.

दांडा आणि कार्ट्रिज यांचं जमणं हाही विषय आहे. मऊ स्प्रिंगवर जड वजन टांगलं की ते हळू झुलतं, तसंच इथे होतं. दोघांचा मिळून झोका सेकंदाला ८ ते १२ वेळांच्या पट्ट्यात असला तर बरं. त्याहून बराच खाली आला तर वाकड्या रेकॉर्डवर दांडा झुलायला लागतो. हे कानापेक्षा डोळ्यांना लवकर कळतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात वाकलेली एखादी रेकॉर्ड मुद्दाम न्यावी आणि वाजताना स्पीकरच्या मोठ्या पडद्याकडे बघावं. आवाज काहीच नाही आणि पडदा संथपणे आत-बाहेर होतोय, तर जोडी जमलेली नाही.

पुण्याचा धागा

टोनआर्मच्या जगात ‘एसएमई’ हे नाव फार मोठं. इंग्लंडमध्ये अॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी १९४६ मध्ये लहान प्रतिकृतींचे भाग बनवणारी कंपनी काढली आणि १९५९ मध्ये स्वतःला हवा तसा टोनआर्म मिळेना म्हणून तो बनवला. पुढे तोच त्यांचा धंदा झाला. ही कंपनी २०१६ मध्ये अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने विकत घेतली. शिर्के म्हणजे पुण्याचे उद्योजक, महाराष्ट्राला ते जास्त ठाऊक आहेत क्रिकेटमुळे, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष आणि बीसीसीआयचे सचिव म्हणून. दोन वर्षांनी गॅरार्ड हे जुनं ब्रिटिश टर्नटेबल नावही याच समूहाकडे आलं.

ग्राहकासाठी यातली महत्त्वाची गोष्ट २०१९ च्या अखेरीची. एसएमईने तेव्हा जाहीर केलं की टोनआर्म आता सुटे विकणार नाही, टर्नटेबलबरोबरच देणार. जगभरचे शौकीन नाराज झाले, कारण आपला टर्नटेबल आणि त्यावर एसएमईचा दांडा ही कित्येकांची ठरलेली जोडी होती. त्या घोषणेनंतर जुन्या, वापरलेल्या दांड्यांकडे लोक वळले. असा वापरलेला दांडा घेताना ऐकण्याइतकंच हाताने बघणंही गरजेचं. मालकाची परवानगी घेऊन दांडा अलगद धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवावा. बेअरिंगमध्ये ‘टक’ असा किंचितही खेळ जाणवला तर भाव करत बसू नये.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज?

माणसाच्या कानाची एक खोड आहे. दोन सारख्या आवाजांपैकी किंचित मोठा असेल तो त्याला ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ वाटतो. एक डेसिबलचा फरक असला तरी मोठा झाल्याचं कळत नाही, नुसतं ‘बरं’ वाटतं. प्रत्येक कार्ट्रिज वेगवेगळ्या ताकदीचा सिग्नल देते. नेहमीची मूव्हिंग मॅग्नेट साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. त्यामुळे यंत्र बदललं की आवाजाची पातळी पुन्हा जुळवावी लागते. टेस्ट रेकॉर्डवरचा १००० हर्ट्झचा सूर लावून, मोबाइल एकाच जागी ठेवून, मीटरच्या अॅपवर आकडा सारखा केला तरी ढोबळ काम होतं.

कानाची दुसरी मर्यादा स्मरणशक्तीची. आवाजाचा बारीक पोत काही सेकंदांतच विसरला जातो. अर्धा तास एक यंत्र आणि मग चहा पिऊन दुसरं ऐकण्यात तुलना कमी आणि किंमत बघून झालेलं मतच जास्त असतं. वीस-तीस सेकंदांचा एकच तुकडा आलटून-पालटून ऐकावा, शक्य असेल तर कोणतं यंत्र वाजतंय ते न बघता. ग्लासगोच्या लिन कंपनीने १९७० च्या दशकात आपल्या एलपी१२ टर्नटेबलसाठी विक्रेत्यांना एक पद्धत शिकवली. बास किती, चमक किती हे विसरायचं आणि गाण्याची चाल मनातल्या मनात कोणत्या यंत्रावर सहज गुणगुणता येते ते बघायचं. खोलीत स्पीकरची एकच जोडी ठेवायची असाही त्यांचा आग्रह होता, बाकीच्या बंद स्पीकरचे पडदेही हवेबरोबर थरथरतात म्हणून. हे सगळं शास्त्राला किती धरून, यावर वाद घालता येईल. पण बंदिश ऐकत वाढलेल्या माणसाला चाल धरायला कुणी शिकवावं लागत नाही.

लांबून येणाऱ्यासाठी आणखी एक युक्ती आहे. दोन्ही टर्नटेबलवरून तोच तुकडा, त्याच फोनो स्टेजमधून, दुकानदाराला डिजिटल रेकॉर्ड करून मागायचा. पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी यायचं, दोन्ही फायलींची पातळी जुळवायची आणि घरच्या कुणाला तरी नावं लपवून वाजवायला सांगायचं. अॅनालॉगच्या भक्तांना हे पाप वाटेल. पण दोन दांड्यांमधला फरक जर इतका नाजूक असेल की चांगल्या डिजिटल फाइलमध्येही सापडत नाही, तर त्यासाठी वरचे पन्नास हजार का द्यायचे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

दुकानातली वीज आणि घरची वीज

काही बेल्टवाल्या यंत्रांची एसी मोटर थेट विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी तिची गती बदलत नाही, फ्रिक्वेन्सी बदलली तर बदलते. ग्रिडवर ती ५० हर्ट्झच्या अगदी जवळ राहते, त्यामुळे एरवी चिंता नाही. पण लाइट गेली आणि घर स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर गेलं की मोटर गुरगुरू शकते. क्वार्ट्झवर चालणाऱ्या किंवा स्वतःचा स्वतंत्र पॉवर सप्लाय असलेल्या यंत्रांना याचा फारसा त्रास नाही. दुकानातल्या शांत खोलीत हा प्रश्न सुचतच नाही, म्हणून तो लिहून न्यावा.

अमेरिकेतल्या भावाने आणलेल्या जुन्या टर्नटेबलची गोष्ट तर वेगळीच. तिकडची वीज ६० हर्ट्झची. तसली एसी मोटर इथे ५० वर लावली की गती जवळपास १७ टक्क्यांनी पडते आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्या आसपास उतरते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, गती जुळत नाही. त्यासाठी पुली बदलावी लागते, आणि ती त्या मॉडेलसाठी मिळते का हे विमानात चढवण्याआधी विचारायचं असतं.

नाही आवडला तर परत?

इथे बरेच जण गोंधळतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारही ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे मुंबईच्या दुकानातून घेतलेल्या यंत्रासाठी कारंज्याच्या माणसाला वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

पण शब्द ‘सदोष’ असा आहे. थाळी डुगडुगते, गती चुकते, बेअरिंग ढिलं आहे, हा दोष. ‘घरी आणल्यावर दुकानासारखा वाजत नाही’ हा कायद्याच्या भाषेत दोष नाही. घराची फरशी, खोली, स्पीकर सगळं वेगळं असतं, तो तसा वाजणारही नाही. त्यामुळे सौदा करताना घरी ऐकून परत करण्याची सवलत मिळते का, किती दिवसांची, वाहतुकीचा खर्च कुणाचा, सुई लावलेली कार्ट्रिज परत घेणार का, हे सगळं तोंडी न ठेवता बिलावर लिहून घ्यायला हवं. सोबत अनुक्रमांक, वॉरंटी कोण देणार त्या आयातदाराचं नाव आणि बेल्टसारखे सुटे भाग किती दिवसांत मिळतील तेही. आणि परतीच्या प्रवासात थाळी काढून वेगळी बांधायची, टोनआर्म त्याच्या आधारावर अडकवून बांधायचा आणि कंपनीचा खोका फेकून द्यायचा नाही. परत करायची वेळ आलीच तर दुकानदार सगळ्यात आधी खोकाच मागतो.